कर घ्यावयाचा, आणि कायदा?

ज्या नाण्यावर कोणत्याही राज्याची मुद्रा नाही, त्याला कोणत्याही राज्याचा कायदा लागत नाही, असा समज आभासी चलनाच्या व्यापाऱ्यांनी जगभर पसरविला होता. तो किती पोकळ होता, हे नोव्हेंबर २०२३ मध्ये दिसून आले. बायनान्स या सर्वांत मोठ्या पेढीने अमेरिकन न्यायालयात गुन्हा कबूल केला व चार अब्ज डॉलर्सहून अधिक रक्कम भरण्याचे मान्य केले. अमेरिकेने निर्बंध घातलेल्या इराणमधील ग्राहकांशी व्यवहार होऊ दिले, हाही त्या गुन्ह्याचा भाग होता. पुढच्याच महिन्यात आपल्या अर्थखात्याच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाने बायनान्ससह नऊ परदेशी पेढ्यांना नोटिसा दिल्या; भारतात धंदा करावयाचा तर येथे नोंदणी करा, असे बजावले. जून २०२४ मध्ये बायनान्सला १८ कोटी ८२ लाख रुपयांचा दंड झाला. हे योग्यच झाले.

हा मुंबई-दिल्लीचा प्रश्न आहे, असे करवीरकरांनी मानू नये. दरमहा दहा टक्के परताव्याचे गाजर दाखविणाऱ्या 'गेनबिटकॉइन' प्रकरणात फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने जे छापे घातले, त्यांत कोल्हापूरही होते.

निर्बंध म्हणजे काय, हे आमच्या साखरपट्ट्याला शिकवावयास नको. २०१९-२० च्या हंगामात इराण हा भारतीय साखरेचा मोठा गिऱ्हाईक होता. डॉलरचा मार्ग बंद, म्हणून किंमत युको बँकेतील रुपयांच्या खात्यातून येई. तेलाची खरेदी थांबली, खाते आटले आणि विक्रीही आटली. मार्ग अरुंद होता, पण सरकारमान्य होता. उद्या शिरोलीच्या एखाद्या कारखानदाराला परदेशी गिऱ्हाईक म्हणेल, "डॉलर जमत नाहीत, टेथर घ्या." त्याने तत्पूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. निर्यातीचे पैसे अधिकृत बँकेमार्फतच आले पाहिजेत, हा परकीय चलनाचा नियम आहे. आणि निर्बंधित खात्यातून आलेले टेथर ती कंपनी स्वतःच गोठवू शकते. माल गेला, पैसाही गेला, वर चौकशी मागे लागली, अशी त्याची गत होईल.

आमचा राग मात्र सरकारवरही आहे. एप्रिल २०२२ पासून या नफ्यावर तीस टक्के कर आहे. तोटा झाला तर त्याची वजावट नाही. जुलैपासून प्रत्येक हस्तांतरणावर एक टक्का कपात. मार्च २०२३ मध्ये या पेढ्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या. पण ग्राहकाचे रक्षण करणारा स्वतंत्र कायदा कोठे आहे? जानेवारी २०२४ मध्ये त्या पेढ्यांची ॲप्स ॲपलच्या दुकानातून एकाएकी नाहीशी झाली. दोष पेढ्यांचा, आणि धसका घ्यावयाचा ठेवीदाराने, हा कुठला न्याय?

नोंदणी झालेल्या पेढ्यांची यादी मराठीत प्रत्येक बँकेच्या दारावर लावावी. एखाद्या पेढीला बंदी करावयाची असेल, तर तेथील पैसे काढून घेण्यासाठी ग्राहकाला निश्चित मुदत द्यावी. आणि ज्या विधेयकाची चर्चा २०२१ पासून चालू आहे, ते संसदेपुढे आणावे.