कौतुक करा, पण जपून!

दहावीचा निकाल लागला की मुलाच्या गुणपत्रिकेचा फोटो लगेच फेसबुकवर झळकतो. आईवडिलांना कौतुक वाटणे साहजिकच आहे. पण तो कागद एकदा नीट वाचून पाहा. सीबीएसईच्या गुणपत्रिकेवर मुलाचे नाव, आईवडिलांची नावे, जन्मतारीख, शाळा आणि रोल नंबर, सारे काही असते.

उद्या एखादा परका माणूस फोन करून हीच माहिती बिनचूक सांगेल, “शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे,” म्हणेल आणि ओटीपी मागेल. इतके सगळे ठाऊक असलेल्या माणसावर कोणाचाही विश्वास बसेल. तरीही ओटीपी कोणालाच सांगू नका. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

कौतुक जरूर करा. मुलाचा हसरा फोटो टाका, पण गुणपत्रिका कपाटातच राहू द्या. आणि फोटो टाकण्यापूर्वी मुलालाही विचारा. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितले आहे. घरातली मुले त्याला अपवाद कशी असतील?