मागाची डागडुजी कोण शिकवणार?



‘हातमाग वाचवा’ या पत्रातील विणकर-प्रशिक्षणाची मागणी रास्त, पण अर्धीच. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, गिऱ्हाईकही आहे. मात्र फणीचे दात वाकले, धोट्याचे टोक झिजले की येवल्यातला माग जागीच थांबतो. वर्गांत शिकवतात विणणे. मागाचे सुतारकाम कोणाच्या खिजगणतीत नाही.

याउलट आमच्या किनाऱ्यावरची मासेमारीची जाळी पाहा. तागा-सुताच्या जागी नायलॉन आले, यंत्रावरचे जाळे तयार मिळू लागले. तरी डोल, म्हणजे पिशवीसारखी जाळी, तोंडाशी मोठ्या आसाची (छिद्रांची), टोकाकडे बारीक होत जाणारी. तो उतार हातानेच साधावा लागतो. फाटली तर पुढच्या फेरीआधी सांधायलाच हवी. पोरे शिकतात ती या निकडीने, संस्कृतीच्या प्रेमाने नव्हे!

मागाच्या दुरुस्तीलाही अशीच निकड हवी. म्हणून हातमाग महामंडळाने डागडुजी करणाऱ्यांना वर्षभराचे काम व ठरलेली मजुरी द्यावी. वर्ग त्यानंतर भरवावेत.

— एक वाचक, दातिवरे (जि. पालघर)