शाल-श्रीफळासोबत एक प्रश्न

फेब्रुवारीतल्या हळदीकुंकवाला किंवा कुणाच्या बेसमेंटमधल्या जेवणाला गेलं की पहिला अर्धा तास बर्फावर जातो. प्लाऊने ड्राइव्हवेच्या तोंडाशी केवढा ढिगारा लोटून ठेवला, फोर-ओ-वनवर कोण कुठे अडकलं, विंटर टायर कधी चढवले आणि यंदाचं हायड्रोचं, म्हणजे विजेचं, बिल किती आलं. मग पानं वाढली जातात आणि 'राजकारण' सुरू होतं. मुंबईत कुठला गट कुणाकडे गेला, दिल्लीत काय शिजतंय, ट्रम्प काय बोलला, ओटावाने इमिग्रेशनचं काय करून ठेवलं. पहिला विषय निरुपद्रवी समजला जातो, दुसऱ्याला घरची यजमानीण जरा घाबरूनच असते.

माझ्या मते खरं राजकारण पहिल्या अर्ध्या तासातच बोलून झालेलं असतं. फक्त क्वीन्स पार्कचं, म्हणजे आपल्या ऑन्टारिओ प्रांताच्या विधानसभेचं, नाव कुणी घेतलेलं नसतं.

प्लाऊचंच घ्या. आपल्या गल्लीतला प्लाऊ पालिकेचा, त्याच्यासाठी महापौरांवर चिडावं. पण फोर-ओ-वन, फोर-ओ-थ्री, फोर-हंड्रेड हे प्रांताचे रस्ते. ते मोकळे ठेवण्याची जबाबदारी प्रांताच्या परिवहन मंत्रालयाची, आणि काम खासगी कंत्राटदारांचं. २००९ पासून मंत्रालयाने कंत्राटाची रीतच बदलली. रस्ता अमुक वेळात मोकळा झाला पाहिजे एवढंच सांगायचं. गाड्या किती लावायच्या, मीठ किती टाकायचं हे कंत्राटदाराने बघायचं, आणि काम द्यायचं ते सर्वांत कमी रकमेच्या टेंडरला. पुढे काय झालं ते महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. एप्रिल २०१५ मध्ये प्रांताच्या तेव्हाच्या महालेखापरीक्षक बॉनी लायसिक यांनी यावर विशेष अहवाल दिला. वादळ थांबल्यावर हमरस्त्याचं डांबर दिसू लागायला २००९-१० च्या हिवाळ्यात सरासरी २.१ तास लागत होते. २०१३-१४ च्या हिवाळ्यात ४.७ तास. कंत्राटदारांनी यंत्रं कमी लावली होती आणि मीठ-वाळूतही हात आखडता घेतला होता.

त्या वर्षांत फोर-हंड्रेडवर ताटकळलेल्या आपल्यातल्या कितीजणांनी आपल्या एमपीपीच्या, म्हणजे प्रांताच्या आमदाराच्या, कचेरीत फोन केला असेल? आपण 'काय हा देश!' म्हणालो आणि हीटर वाढवला. आभाळातून पडणारा बर्फ देवाच्या हातात असेल, पण तो रस्त्यावर किती वेळ राहणार हे टेंडरच्या कागदावर ठरलेलं होतं.

हे लिबरल सरकारच्या काळातलं. कॉन्झर्वेटिव्हांच्या खात्यावर फोर-ओ-सेव्हन आहे. १९९९ साली माइक हॅरिस सरकारने तो रस्ता ९९ वर्षांसाठी ३.१ अब्ज डॉलरना देऊन टाकला. बर्फाच्या संध्याकाळी टोल भरणारे लवकर घरी पोचतात, बाकीचे फोर-ओ-वनवर दिव्यांच्या रांगेत उभे राहतात. दोन्ही पक्षांची नावं मुद्दाम एकामागून एक घेतली. कुणाला मत द्या हे मला सांगायचं नाही.

हिवाळ्याचा आणखी कितीतरी भाग असाच प्रांताच्या कागदांतून आलेला आहे. ओटावातून पूल ओलांडून गॅटिनोत गेलं की तेच वादळ, तेच तापमान. पण क्वीबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे, ऑन्टारिओत ज्याची त्याची मर्जी. इथे सरकारने एवढंच केलं की २०१६ पासून विमा कंपन्यांना अशा टायरवर सवलत देणं बंधनकारक केलं. विजेचे भाव ऑन्टारिओ एनर्जी बोर्ड ठरवतं. वेळेप्रमाणे दर असणाऱ्या आपल्यासारख्या घरांना हिवाळ्यातल्या कामाच्या दिवसांत सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ७ सर्वांत महाग वीज मिळते, म्हणजे नेमकी पोळ्यांची वेळ. (या विषयावर आमच्या घरी दोन पक्ष आहेत आणि दोघांनाही बहुमत नाही.) भाड्याच्या घरात १ सप्टेंबर ते १५ जून किमान २० अंश तापमान राहील अशी व्यवस्था घरमालकाने करावी, असा प्रांताचा नियम आहे. नाशिकहून नुकताच आलेला मुलगा ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटमध्ये जॅकेट घालून झोपतो, कारण हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आणि १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदाच राहायला दिलेल्या जागांना भाडेवाढीची मर्यादा लागू नाही, हे तर पुष्कळांना नव्या कॉन्डोत वर्ष काढल्यावर कळतं.

बर्फ आणि राजकारण यांची सर्वांत विचित्र गाठ मात्र पडली ती ऐन उन्हाळ्यात, २१ जून २०२४ रोजी. डॉन मिल्स रोडवरचं ऑन्टारिओ सायन्स सेंटर सरकारने त्या दिवशी तडकाफडकी बंद केलं. रेमंड मोरियामा या वास्तुशिल्पकाराने दरीच्या उतारावर बांधलेली १९६९ सालची ती इमारत. आपल्या मुलांच्या कितीतरी शाळेच्या सहली तिथे गेल्या, भारतातून आलेल्या आजी-आजोबांना आपण नायगऱ्यानंतर तिथेच घेऊन जायचो. बंद करण्याचं कारण होतं बर्फ, तोही न पडलेला. छतातल्या हलक्या काँक्रीटच्या काही फळ्या येत्या हिवाळ्यातल्या बर्फाचा भार पेलणार नाहीत असं अभियंत्यांचा अहवाल सांगत होता. सुरक्षिततेचा प्रश्न होता, त्यात तडजोड नको, हे सरकारचं म्हणणं मी वरवर मान्य करायला तयार आहे. पण तोच अहवाल धोक्याच्या फळ्या हिवाळ्याआधी बदलण्याचे मार्गही सुचवत होता. शिवाय हे केंद्र सरोवराकाठी ऑन्टारिओ प्लेसला हलवायचं सरकारने एप्रिल २०२३ मध्येच जाहीर केलेलं होतं. वर्षानुवर्षं रखडलेली दुरुस्ती, आधीच झालेला निर्णय आणि मग अचानक आठवलेला बर्फ, असा तो क्रम आहे. छत दुरुस्त करणं महाग की इमारत सोडून देणं महाग, यावर मतभेद असू शकतात. पण तो वाद आपल्या पंगतीत का झाला नाही? त्या आठवड्यात आपण महाराष्ट्रातल्या लोकसभेच्या निकालांची चिरफाड करत होतो.

तसंच विद्यार्थ्यांचं. जानेवारी २०२४ मध्ये ओटावाने स्टडी परमिटवर मर्यादा घातली आणि पुण्या-मुंबईतल्या आईबापांचे फोन आपल्याला येऊ लागले. सगळा राग ट्रूडोंवर निघाला. पण ऑन्टारिओच्या कॉलेजांनी परदेशी मुलांची एवढी भरती केली कशासाठी? २०१९ मध्ये प्रांताने इथल्या मुलांची फी १० टक्क्यांनी कमी केली आणि पुढे वर्षानुवर्षं गोठवून ठेवली. मतदारांना ते आवडलं, आपल्यालाही आवडलं. आपलीच मुलं त्या फीवर शिकली. प्रांताने अनुदानाने तो खड्डा पुरेसा भरला नाही, तेव्हा कॉलेजांनी परदेशी विद्यार्थ्यांच्या कित्येक पट फीवर भागवलं. म्हणजे मिसिसागातल्या मराठी मुलाची स्वस्त फी काही अंशी नाशिकच्या मराठी मुलाने भरली. मर्यादा ओटावाने घातली हे खरंच आहे. पण ती घालण्याची पाळी ज्या कारणांनी आली, त्यातलं एक मोठं कारण क्वीन्स पार्कमध्ये आहे, आणि तिथे आपण काहीच विचारलं नाही.

मग आली २७ फेब्रुवारी २०२५ ची निवडणूक. ठरलेली तारीख होती जून २०२६. प्रीमियर डग फोर्ड यांनी ती भर हिवाळ्यात ओढून आणली. ऑन्टारिओत फेब्रुवारीत विधानसभेचं मतदान १८८३ नंतर पहिल्यांदाच होत होतं. त्याआधी घरोघरी २०० डॉलरचे चेक पोचले होते. २०२२ च्या निवडणुकीआधीही गाडीच्या नंबरप्लेटच्या स्टिकरची फी रद्द होऊन परताव्याचे चेक आले होते. चेक मीही वटवला, पैसा आपलाच होता. पण जो पैसा सगळ्यांना सारखा वाटता येतो तो इमर्जन्सीत स्ट्रेचरवर तासन्‌तास पडून राहिलेल्या म्हाताऱ्याला वाटता आला नसता का, असं विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. प्रचाराच्या ऐन मध्यात दोन वादळं पाठोपाठ आली आणि टोरंटो परिसरात साधारण अर्धा मीटर बर्फ साचला. फूटपाथ आठवडे-आठवडे गाडलेले, प्रचाराच्या पाट्या बर्फाच्या भिंतींत रुतलेल्या. मतदान झालं ४५ टक्क्यांच्या आसपास. आता थंडीला दोष देऊन मोकळं होता आलं असतं. पण जून २०२२ मध्ये, छान उन्हाच्या दिवशी, ते ४४ टक्क्यांच्या आसपासच होतं, आणि तो प्रांताच्या इतिहासातला नीचांक. दोनच महिन्यांनी, एप्रिल २०२५ च्या संघीय निवडणुकीत देशभरात जवळपास ६९ टक्के लोक मतदानाला गेले. तेव्हा बूट, जॅकेट आणि घसरडे रस्ते हे कारण नाही. लोकांना क्वीन्स पार्क महत्त्वाचं वाटत नाही, हे कारण आहे.

आपल्या लोकांना तर त्याचं जास्तच आश्चर्य वाटायला हवं. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेसाठी सुमारे ६६ टक्के मतदान झालं. राज्याची निवडणूक म्हणजे काय, मुख्यमंत्र्याच्या हातात काय असतं, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. शेतकऱ्याच्या विजेचं बिल, एसटी, शाळा, सिव्हिल हॉस्पिटल हे सगळं राज्याचं, हे समजूनच आपण वाढलो. तोच माणूस इथे आला की त्याला सिंधुदुर्गातला आमदार कुठल्या गटात आहे हे पाठ असतं, आणि स्वतःच्या रायडिंगचा, म्हणजे मतदारसंघाचा, एमपीपी विचारला तर तो एमपीचं नाव सांगतो.

'एका मताने काय होतं' हा नेहमीचा आक्षेप. तो मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. २०२५ मध्ये कॉन्झर्वेटिव्हांना साधारण ४३ टक्के मतं पडली आणि १२४ पैकी ८० जागा मिळाल्या. दुसऱ्या क्रमांकाची, सुमारे ३० टक्के मतं मिळवून लिबरल १४ जागांवर अडकले आणि त्यांच्याहून बरीच कमी मतं मिळालेला एनडीपी २७ जागा घेऊन विरोधी पक्ष झाला. या पद्धतीवर संताप येतो, तो रास्त आहे. पण त्याच निवडणुकीत लिबरलांच्या तेव्हाच्या नेत्या आणि मिसिसागाच्या माजी महापौर बॉनी क्रॉम्बी स्वतःच्या मिसिसागात हरल्या. जिथे आपण गठ्ठ्याने राहतो, ते मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टन, ओकव्हिल हे सगळे पक्ष घाम गाळतात असे भाग आहेत. 'आमच्याकडे ठरलेलंच असतं' असं उत्तरेकडच्या एखाद्या खाणीच्या गावातल्या माणसाने म्हणावं. मिल्टनच्या मराठी माणसाला ती चैन परवडत नाही.

ज्यांच्याकडे अजून नागरिकत्व नाही त्यांना मत नाही, हे खरं. पण एमपीपीच्या कचेरीचं दार पीआर कार्डवाल्यालाही उघडं असतं. हेल्थ कार्ड अडकलं, घरमालक हीटिंग देत नाही, परदेशी पदवीच्या मान्यतेचं घोंगडं भिजत पडलंय, या सगळ्यासाठी तेच दार. कॅनेडियन अनुभवाची अट नोकरीच्या जाहिरातीत घालायला १ जानेवारी २०२६ पासून ऑन्टारिओत बंदी आली, ती प्रांताच्या कायद्याने. आपल्यातल्या एका पिढीने त्या अटीपायी गोदामांतून आणि रात्रपाळ्यांतून हिवाळे काढले. कायदा झाला त्या दिवशी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिनंदनाचा एकही संदेश नव्हता.

आता आपल्या मराठी मंडळाकडे वळतो, कारण हा अंक मंडळाचा आहे. 'व्यासपीठावर राजकारण नको' हा आपला जुना दंडक. एका पक्षाची तळी उचलायची नाही, एवढाच त्याचा अर्थ असेल तर माझी पूर्ण सहमती आहे. नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना कायदाही तेच सांगतो. पण सर्व पक्षांच्या उमेदवारांना सारख्याच वेळेसाठी बोलावून प्रश्न विचारायला, किंवा एखाद्या धोरणावर मत मांडायला कायद्याची आडकाठी नाही. आणि राजकारण नको म्हणता म्हणता आपण दर गणपतीला राजकारण्याला बोलावतोच की! साहेब कुर्ता घालून येतात, 'गणपती बाप्पा मोरया' तीनदा म्हणतात, प्रांताच्या मोहोरेचं अभिनंदनपत्र देतात, शाल-श्रीफळ घेतात, मोदक खातात आणि पुढच्या मंडळाच्या गणपतीला जातात. फोटो दोघांनाही मिळतो. इमर्जन्सीत किती वेळ थांबावं लागतं हे कुणी विचारत नाही, कारण पाहुण्याला प्रश्न विचारणं आपल्याला असभ्यपणा वाटतो.

मला तो असभ्यपणा वाटत नाही. ज्या शाळेच्या हॉलमध्ये आपण ती आरती करतो, त्या हॉलचं भाडं कमी राहावं म्हणून प्रांत शाळा मंडळांना पैसे देतो. शनिवारची मराठी शाळाही आपल्या हौसेवर चालावी असं काही नाही. वारसा भाषांचा कार्यक्रम प्रांताने १९७७ मध्ये सुरू केला आणि आज २५ किंवा अधिक मुलांच्या पालकांनी लेखी मागणी केली की प्राथमिक शाळेच्या मुलांसाठी त्या भाषेचा वर्ग शाळा मंडळाने काढायचा असतो. मिल्टन-ओकव्हिल पट्ट्यात २५ मराठी मुलं नाहीत असं कोण म्हणेल? आणि २०२५ मध्ये टोरंटोसह काही मोठ्या शाळा मंडळांचा कारभार प्रांताने निवडून आलेल्या ट्रस्टींच्या हातून काढून आपल्या पर्यवेक्षकांकडे दिला. तेव्हा अशा वर्गाचं आणि त्या हॉलचं पुढे काय, हा प्रश्न आता ट्रस्टीला विचारून भागत नाही. तो एमपीपीलाच विचारावा लागतो.

तेव्हा येत्या गणपतीसाठी कार्यकारिणीपुढे माझी सूचना अशी. शाल द्या, श्रीफळ द्या, मोदकही दोन जास्त द्या. मात्र निमंत्रणपत्रातच कळवा की आरतीनंतर सभासदांच्या वतीने एकच प्रश्न विचारला जाईल आणि उत्तरासाठी पाच मिनिटं मिळतील. प्रश्न ऑगस्टमध्ये सभासदांकडून मागवावा, म्हणजे ऐनवेळी कुणी माइक हिसकावून भाषण ठोकणार नाही. यंदा माझं मत मराठी वर्गाच्या प्रश्नाला आहे, आमच्या शेजारच्या काकांचं फोर-हंड्रेडच्या प्लाऊला. मतदान घ्या. आणि एमपीपींचं उत्तर छापायला संपादकांनी दिवाळी अंकात अर्धं पान राखून ठेवावं. पुढच्या वर्षी त्याच पानावर, त्या उत्तराचं काय झालं ते छापता येईल.