उतरलेला खांदा आणि बुडालेली रोजी

"मुका मार आहे, जाईल आपोआप." वस्तीत हे वाक्य आम्ही फार ऐकतो. परांचीवरून पडलेला एक बिगारी कामगार आमच्याकडे आला, तेव्हा तीन महिने उलटले होते. लेप झाला, मालिश झाली, एका दवाखान्यात सुई टोचून घेतली. एक्स-रे कुणीच काढला नाही. खांद्याची गोलाई गेलेली, उजवा हात तोंडापर्यंत जाईना. शर्ट बायको घालून देई. खांदा पहिल्या दिवसापासून निखळलेलाच होता.

ताजा निखळलेला खांदा बहुतेक वेळा गुंगी देऊन, न कापता बसतो. तीन-चार आठवडे गेले की गोष्ट बदलते. रिकाम्या वाटीत चिवट मांस भरतं, स्नायू आखडतात, वाटीच्या कडेवर दाबून हाडाच्या गोळ्याला खाच पडते. असा जुना खांदा कुणी ओढून बसवू गेला तर हाड मोडू शकतं, काखेतली रक्तवाहिनी फाटू शकते, नस दुखावते. म्हणून हाडं बसवणाऱ्याकडे आता नकोच.

ऑपरेशनमध्ये पुढून चीर देऊन ते चिवट मांस काढतात आणि गोळा वाटीत आणतात. पुन्हा निसटू नये म्हणून कधी जवळच्याच हाडाचं टोक वाटीच्या कडेला स्क्रूने बसवतात. गोळाच झिजला असेल तर कृत्रिम सांधा. पुढे कित्येक महिने व्यायाम. हात पूर्वीसारखा होईलच असं नाही, हे आधीच ऐकून घ्यावं. म्हाताऱ्या माणसाला दुखत नसेल तर डॉक्टर कधी ऑपरेशन नको म्हणतात. ती टाळाटाळ नव्हे.

उशीर केला म्हणून कामगारालाच बोल लावायला आम्ही तयार नाही. केस पेपरच्या रांगेत एक दिवस म्हणजे एक रोजी बुडाली. कामावर पडलेल्याला त्याच दिवशी दवाखान्यात नेणं ठेकेदाराचं काम आहे, आणि दोन बाजूंनी एक्स-रे काढणं दवाखान्याचं. फिट आल्यावर किंवा विजेचा झटका बसल्यावर खांदा मागे निखळतो. समोरून काढलेल्या एकाच फिल्ममध्ये तो सहज नजरेतून सुटतो. "दुसऱ्या बाजूनेही काढा" म्हणायला लाजू नका. ऑपरेशन सांगितलं तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. पैसे भरून झाल्यावर नव्हे.

आमचा तो कामगार ऑपरेशननंतर उजव्या हाताने जेवतो. परांचीवर मात्र चढत नाही. सकाळी नाक्यावर उभा राहून हलकं काम मिळतं का बघतो.