तरलाबेनची पुस्तकं रद्दीत टाकू नका



दिवाळीची आवराआवर सुरू झाली की घरोघरी पहिली गदा येते ती पाककृतींच्या जुन्या पुस्तकांवर. "आता मोबाइलवर सगळं मिळतं, ही अडगळ कशाला?" असं सुना-मुली म्हणतात. मला ते पटत नाही.

तरला दलाल यांनी आमच्या पिढीला काय दिलं, हे आजच्या मुलींना सांगायला हवं. तरलाबेन मूळच्या पुण्याच्या, लग्नानंतर मुंबईला गेल्या. १९६६ मध्ये त्यांनी घरातच स्वयंपाकाचे वर्ग सुरू केले. १९७४ मध्ये पहिलं पुस्तक आलं आणि पुढे शंभरावर पुस्तकं झाली. सोनी टीव्हीवर त्यांचा कार्यक्रम लागायचा तेव्हा आम्ही वही-पेन घेऊनच बसायचो. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तर आपल्याच घरातल्या बाईचा सत्कार झाल्यासारखं वाटलं.

त्यांचं सगळं शाकाहारी, हे आपल्यासाठी फार मोठं होतं. बाहेर सूप मागवलं तरी ते कशाच्या पाण्यात शिजवलंय, ही शंका असायची. तरलाबेननी इटालियन, मेक्सिकन पदार्थ थेट आपल्या ओट्यावर आणले. त्यांच्याआधी, १९७० मध्ये, आपल्या मराठीत कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली होती. वाटी-चमच्याच्या मापामुळे नवख्या मुलीलाही धीर यायचा. ही दोन्ही पुस्तकं शेजारी-शेजारी असलेली घरं मी कितीतरी पाहिली आहेत.

पण मोबाइलवर मिळत नाही ते पुस्तकाच्या कडेला असतं. माझ्या सासूबाईंनी पेन्सिलीने लिहून ठेवलंय: बटाट्याऐवजी कच्ची केळी, कांद्याऐवजी कोबी, लसणाच्या जागी हिंग. एका पानावर "चातुर्मासात कोथिंबीर नको". नियम न मोडता मुलांची हौस कशी पुरवली, याची ही आमच्या घरची नोंदवही आहे. छापील पुस्तक पुन्हा मिळेल, हे अक्षर कुठून आणणार?

आता दुसरी बाजू. हल्ली जुनी पुस्तकं महाग किमतीला घेऊन काचेच्या कपाटात मांडायची हौस वाढली आहे. आपण अपरिग्रह मानणाऱ्या. पन्नास पुस्तकं जमवली आणि एकातलाही पदार्थ केला नाही, तर तो परिग्रहच झाला. मी बी.कॉम. शिकलेली, मला विचाराल तर गोदामात पडून राहिलेल्या मालाचा उपयोग ना दुकानदाराला, ना गिऱ्हाइकाला. म्हणून माझा साधा हिशेब आहे. ज्यात घरच्या बाईचं अक्षर आहे ते पुस्तक ठेवावं. ज्यातून वर्षात एकदा तरी पदार्थ होतो तेही ठेवावं. बाकीची नव्याने संसार मांडणाऱ्या मुलीला द्यावीत. ठेवलेल्या पुस्तकांत वेखंडाचा तुकडा घालावा, म्हणजे कीड लागत नाही आणि मग ती मारायची वेळही येत नाही.

तेव्हा यंदा रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी प्रत्येक पुस्तकाची पानं एकदा उलटून बघा. आणि सुनेला शेजारी बसवून बघा. एखाद्या पानावरच्या तेलाच्या डागामागची गोष्ट तिला तुमच्याशिवाय कोण सांगणार?