फेसबुकनं म्हणे क्रांती केली!

१७ डिसेंबर २०१०. ट्युनिशियातलं सिदी बूझिद. मोहम्मद बुअझीझी या हातगाडीवाल्याचा माल, तराजू पालिकेच्या माणसांनी उचलला. दाद मागायला गेला, तर कुणी दारात उभं केलं नाही. त्यानं सरकारी कचेरीसमोरच स्वतःला पेटवून घेतलं. ४ जानेवारीला तो मेला. १४ जानेवारीला २३ वर्षं खुर्चीला चिकटलेला बेन अली विमानात बसून पळाला.

आणि पेपरवाल्यांनी छापलं काय? तर म्हणे तो पदवीधर होता! साफ खोटं. त्याची शाळासुद्धा पुरी झाली नव्हती. पण नुसता भाजीवाला जळाला तर पांढरपेशांच्या डोळ्यांत पाणी येत नाही ना! त्यांना मढ्यालाही डिग्री चिकटवावी लागते. मग या शहाण्यांनी उठावाचंही बारसं उरकलं : 'फेसबुक क्रांती'.

का रे, २००८ साली गाफ्साच्या खाणपट्ट्यातली बेकार पोरं महिनोन्‌महिने रस्त्यावर होती, तेव्हा तुमचे कॅमेरे कुठं होते? इजिप्तमध्ये महल्लाच्या कापडगिरणीत २००६ साली हजारो कामगारांनी संप केला, बाया सगळ्यांच्या पुढं होत्या. तो संप काय फेसबुकनं घडवला?

२८ जानेवारी २०११. मुबारकनं इंटरनेट तोडलं. लोक घरी बसले? उलट त्याच दिवशी कैरो, अलेक्झांड्रिया, सुवेझमध्ये माणसांचा लोंढा पोलिसांच्या अंगावर गेला. संध्याकाळपर्यंत पोलिसांनी रस्ते सोडले.

मोबाईल फुकट होता असं नाही. सिदी बूझिदची चित्रं मोबाईलवरूनच अल जझीराकडे गेली आणि घराघरांत पोचली. पण अल जझीरा चालतं कुणाच्या पैशावर? कतारच्या अमीराच्या! म्हणून तहरीर चौकात रात्रंदिवस जागा असलेला हा डोळा बहारीनला आल्यावर पेंगायला लागला. मार्च २०११ मध्ये तिथला उठाव चिरडायला सौदी फौजा घुसल्या. शेजारच्या राजाची गादी हलत होती, मग कसली लोकशाही अन् कसलं काय!

९ ऑक्टोबर २०११. कैरोत मास्पेरोला, सरकारी टीव्हीच्या इमारतीसमोर, लष्करानं कॉप्ट ख्रिश्चनांचा मोर्चा गाड्यांखाली चिरडला, गोळ्या घातल्या. वीसच्या वर माणसं मेली. आणि टीव्हीवरची बाई लोकांना सांगत होती : लष्कराला वाचवायला या! मुबारक गेला होता, त्याचा भोंगा तसाच होता.

तेव्हा गड्यांनो, यंत्र जरूर वापरा. पण त्याची कळ कुणाच्या हातात आहे, ते आधी विचारा. आणि मेलेल्याचं नाव पुसून कंपनीचं नाव लावणाऱ्यांना तोंडावर सांगा : बारसं करणारा बाप होत नसतो!