अट कोणावर, आणि कधी?

‘अटी सगळेच परवाने घालतात. मग कंपनीच्या परवान्याला नावे ठेवायची आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या जीपीएल परवान्याला ओवाळायचे, हा न्याय कुठला?’ हा सवाल नेहमीचा. त्याचा धाकटा भाऊ म्हणतो, साधन उत्तम आहे, फुकट आहे. परवाना वाचत बसणे हे नुसते सोवळे.

धाकट्याला आधी घेऊ. २००२ पासून लिनक्स कर्नलचे काम बिटकीपर या, कोडमधले बदल नोंदणाऱ्या मालकी साधनावर चाले. कर्नल लिहिणाऱ्यांना ते फुकट होते. अट अशी की वापरणाऱ्याने स्पर्धक साधनाला हात लावू नये. जीपीएलचे कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांची हरकत अनेकांना हेकटपणाची वाटली. २००५मध्ये प्रोग्रामर अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरशी बोलणारा स्वतंत्र प्रोग्राम लिहिला आणि कंपनीने फुकट आवृत्तीच काढून घेतली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना कर्नल बाजूला ठेवून गिट हे पर्यायी साधन लिहावे लागले. ‘म्हणजे भलेच झाले की!’ झाले खरे. पण प्रत्येक प्रकल्पाच्या पदरी टोरवाल्ड्स नसतो.

आता थोरला. युनिक्स या संगणक प्रणालीच्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने तिचा सोर्स कोड वर्गात शिकवायलाच बंदी केली. म्हणून प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम यांनी विद्यार्थ्यांसाठी मिनिक्स ही प्रणाली लिहिली. जीपीएल वाचण्याला, चालवण्याला, घरच्या घरी बदलण्याला आडवी येत नाही. प्रोग्राम दुसऱ्याला देताना मात्र त्यालाही सोर्स कोड आणि तेच हक्क द्या, म्हणते. दोन्हींना ‘अट’ म्हणून एका तागडीत घालणे ही चलाखी आहे.

स्टॉलमन यांच्या, जीपीएलखालच्या जीसीसी या कंपायलरने बांधलेली प्रणाली आपोआप जीपीएलखाली जाते, ही भीतीही पोकळ. फ्रीबीएसडी ही प्रणाली वर्षानुवर्षे जीसीसीने बांधली गेली आणि बीएसडी परवान्याखालीच राहिली.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. २००७मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली, तिच्या अटी फ्रीबीएसडीला जाचक वाटल्या. या परवान्याखालचे नवे जीसीसी फ्रीबीएसडीने घेतले नाही आणि २०१४च्या आपल्या दहाव्या आवृत्तीत मुख्य प्रोसेसरांसाठी क्लँग हा दुसरा कंपायलर स्वीकारला. जाच खोटा नव्हता. पण मधली वर्षे पाहा: जुने जीसीसी ४.२.१ त्यांच्याकडेच राहिले, त्यांनी ते स्वतः डागडुजी करून चालवले, आणि क्लँग तयार झाल्यावर सोडले. ते परत मागण्याचा अधिकार स्टॉलमन यांनाही नव्हता.